मार्लवाईची शाळा : गोंडी शिक्षणाच्या आठ दशकांची वाटचाल

आसिफाबादहून राजुऱ्याकडे निघाले की महाराष्ट्राच्या सीमेअलीकडे आमचे वांकिडी लागते. इथल्या बाजारात मराठी, तेलुगू, गोंडी, कोलामी आणि दख्खनी उर्दू अशा पाच भाषा कानावर पडतात. ज्वारीचा भाव एका भाषेत विचारला जातो, उत्तर दुसऱ्या भाषेत येते आणि व्यवहार पुरा होतो. बोलण्याच्या बाबतीत या भागाने कधी कुणाला परके मानले नाही. लिहिण्याची गोष्ट मात्र वेगळी होती. सरकारी कागदावर जी भाषा असे ती डोंगरातल्या माणसाला वाचता येत नव्हती, आणि त्याची भाषा कोणत्याही कागदावर नव्हती. ही उणीव भरून काढण्याचा पहिला संघटित प्रयत्न १९४३ साली जैनूरजवळच्या मार्लवाई या छोट्या गोंड वस्तीत झाला. त्या कामाला आठ दशके पूर्ण झाली. त्या निमित्ताने त्याची वाटचाल येथे थोडक्यात मांडत आहोत.

मार्लवाईचा इतिहास एकमेकांची भाषा शिकणाऱ्या माणसांचा आहे. तिथे गोंड तरुण अक्षरे शिकले. परदेशातून आलेले अभ्यासक आणि मराठी-उर्दू जाणणारे अधिकारी गोंडी शिकले. या सर्वांच्या देवाणघेवाणीतून गोंडीची पुस्तके तयार झाली. शिकण्याचा हा व्यवहार दोन्ही बाजूंनी चालला तोवर काम वाढले, आणि पुढेही तो जेव्हा जेव्हा सुरू झाला तेव्हा तेव्हा कामाने नव्याने जोर धरला.

पूर्वपीठिका : १९४० पूर्वी

गोंडी ही द्राविड कुळातील भाषा. तेलुगूशी तिचे नाते जवळचे आहे, पण ती तेलुगू भाषकाला ऐकून समजत नाही. कोलामीही द्राविडच, मात्र तिची शाखा वेगळी. त्यामुळे एकाच डोंगराच्या दोन उतारांवर राहणाऱ्या गोंड आणि कोलाम कुटुंबांनाही एकमेकांची भाषा शिकावीच लागते. बऱ्याचदा दोघांमधली समान भाषा मराठी असे.

या भागात अनुवादाची परंपरा शाळेच्या कितीतरी आधीची आहे, आणि तिचे श्रेय परधानांना द्यावे लागेल. परधान हे गोंडांचे कुळकथाकार. आदिलाबाद भागातील परधानांची घरची भाषा मराठी, पण यजमान गोंड. त्यामुळे गोंडीवर त्यांचे पूर्ण प्रभुत्व असते. पर्सापेन या कुलदेवतेच्या पूजेला किंवा मोठ्या कार्याला परधान किकरी हे तंतुवाद्य घेऊन बसतो आणि गोंडांच्या कुळांच्या उत्पत्तीची कथा गातो. घरात एका भाषेत वाढून दुसऱ्या भाषेतली प्रदीर्घ महाकाव्ये मुखोद्गत ठेवायची, हे काम त्यांनी पिढ्यान्‌पिढ्या केले. बापाशेजारी बसून मुलगा शिकला, थोरल्याच्या मागून धाकटा गायला. सोबतीने शिकण्याची ही रीत मार्लवाईच्या शाळेला आयती मिळाली.

गोंडी कागदावर उतरवण्याचे काही प्रयत्न शेजारच्या मुलखात झाले होते. नागपूरचे मिशनरी स्टीफन हिस्लॉप यांनी लिंगो या गोंडांच्या पुराणपुरुषाची गोंडी कथा टिपून घेतली होती. १८६३ मध्ये त्यांचे निधन झाले, आणि त्यांचे टिपण १८६६ मध्ये रिचर्ड टेंपल यांनी प्रसिद्ध केले. भारताच्या भाषिक सर्वेक्षणाच्या १९०६ च्या चौथ्या खंडात गोंडीचे नमुने आले. पण ते सर्वेक्षण निजामाच्या हैदराबाद संस्थानात झालेच नाही, म्हणून आदिलाबादची गोंडी त्या नोंदींबाहेर राहिली.

संस्थानाची राजभाषा उर्दू होती. हैदराबाद शहरात १९१७ साली उस्मानिया विद्यापीठासाठी 'दार-उल-तर्जुमा' हे अनुवाद कार्यालय स्थापन झाले, आणि विज्ञान, कायदा, इतिहास अशा विषयांची पुस्तके उर्दूत आणण्याचे प्रचंड काम तिथे झाले. त्याच संस्थानाच्या उत्तर टोकाला डोंगरातल्या शेतकऱ्याला जंगल खात्याची नोटीस वाचून दाखवायला माणूस शोधावा लागे. पटवाऱ्याच्या वहीत आपल्या नावापुढे काय लिहिले आहे, हे त्याला कळण्याचा मार्ग नव्हता. कसलेली जमीन राखीव जंगलात गेली किंवा दुसऱ्याच्या नावे झाली, हे कित्येकांना बेदखल होतानाच समजले.

या असंतोषातून गोंड नेते कोमुरम भीम यांचा लढा उभा राहिला. १९४० मध्ये जोडेघाटच्या डोंगरात ते आणि त्यांचे सहकारी पोलिसांच्या गोळीबारात हुतात्मा झाले. तरुणपणी चांद्याला (आजच्या चंद्रपूरला) एका छापखान्यात राहून भीम लिहायला-वाचायला आणि इतर भाषा शिकले, अशी आठवण या भागात सांगितली जाते. जमिनीच्या प्रश्नाइतकाच अक्षराचा प्रश्नही त्या लढ्यामागे होता, हे पुढच्या घटनांनी दाखवून दिले.

१९४० ते १९५० : स्थापना आणि पहिली पाठ्यपुस्तके

जोडेघाटच्या घटनेनंतर आदिवासींच्या स्थितीचा अभ्यास करण्याची गरज संस्थानाला वाटू लागली. हे काम मानववंशशास्त्रज्ञ क्रिस्टोफ फॉन फ्यूरर-हायमेनडॉर्फ यांच्याकडे आले. त्यांचा जन्म १९०९ सालचा, व्हिएन्नाचा. नागा टेकड्यांत त्यांनी आधी काम केले होते. दुसरे महायुद्ध सुरू झाले तेव्हा ते भारतात होते आणि त्यांच्याकडे जर्मन पासपोर्ट होता. त्यामुळे ब्रिटिश सरकारने त्यांना हैदराबाद संस्थानात राहण्याचे बंधन घातले. चेंचू आणि रेड्डी जमातींचा अभ्यास करून ते आदिलाबादला आले. त्यांच्या पत्नी एलिझाबेथ, सर्वांच्या बेट्टीबाई, क्षेत्रकार्यात बरोबरीने सहभागी होत्या. दोघे मार्लवाईत गावकऱ्यांसारख्याच साध्या घरात राहिले आणि गोंडी शिकले.

संस्थानाचे महसूलमंत्री डब्ल्यू. व्ही. ग्रिगसन यांनी बस्तरच्या माडिया गोंडांवर १९३८ मध्ये ग्रंथ लिहिला होता. आदिवासींच्या भाषेचे महत्त्व जाणणारा असा माणूस शासनात असल्याने गोंडी शिक्षणाच्या कल्पनेला बळ मिळाले. १९४३ मध्ये गोंडी शिक्षण योजना सुरू झाली आणि मार्लवाईत शिक्षक प्रशिक्षण केंद्र उघडले.

पहिली अडचण शिक्षकांची होती. बाहेरून शिक्षक आणावा तर त्याला गोंडी येत नाही, आणि गोंडांत शिकलेले कुणी नाही. शोध घेतला तेव्हा थोडेफार मराठी वाचता-लिहिता येणारे मोजके गोंड तरुण सापडले. त्यांनाच शिक्षक करायचे ठरले. दुसरी अडचण पुस्तकांची होती. आदिलाबादच्या गोंडीत छापील असे काहीच नव्हते. जे तरुण शिकायला आले त्यांनीच मग आपल्या शिकण्याची पुस्तके घडवायला हातभार लावला.

लिपी देवनागरी निवडली गेली. कारण सरळ होते. गोंडांपैकी ज्यांना अक्षरओळख होती ती मराठीतून होती, आणि मराठी ही या भागातली सर्वांना समजणारी व्यवहारभाषा होती. मूल प्रथम गोंडीत वाचायला शिकेल, मग त्याच अक्षरांच्या आधारे मराठीकडे जाईल, आणि पुढे सरकारी कामापुरती उर्दू शिकेल, असा क्रम आखला गेला. घरच्या भाषेतून शेजारच्या भाषेत आणि तिथून कचेरीच्या भाषेत, अशी ही वाट होती. मातृभाषेतून प्राथमिक शिक्षणाची चर्चा आज सर्वत्र होते. मार्लवाईत ते १९४३ मध्ये प्रत्यक्ष चालू होते.

गोंडी नागरीत लिहिणे दिसते तितके सोपे नव्हते. मराठीत तीन लिंगे आहेत. गोंडीत एक वर्ग पुरुषांचा आणि दुसरा बाकी सगळ्यांचा, म्हणजे बाई, बैल आणि झाड यांना क्रियापदाचे एकच रूप चालते. मराठीतून गोंडीत मजकूर आणताना 'ती आली' आणि 'ते आले' यांतला फरक गळून पडतो, आणि गोंडीतून मराठीत आणताना तो संदर्भावरून भरावा लागतो. मार्लवाईच्या या पहिल्या लेखकांसमोर ना कोश होता, ना वापरण्याजोगे स्थानिक व्याकरण. वाक्य बरोबर आहे की नाही याचा एकच निकष होता, ते वाचल्यावर गावातल्या म्हाताऱ्याला आपले वाटले पाहिजे. गोंडांच्या स्वतःच्या पुराणकथा, सण आणि शेतीचे जीवन हेच त्या वाचनपाठांचे विषय होते. मुलाने पहिल्यांदा जे वाचले ते त्याने आजोबांकडून ऐकलेलेच होते.

याच काळात परधानांच्या गायनातून कुळकथा टिपून घेण्याचे आणि त्यांचा इंग्रजी अनुवाद करण्याचे काम चालू होते. त्याचे फळ म्हणजे १९४८ मध्ये प्रसिद्ध झालेला आदिलाबादच्या राजगोंडांच्या पुराणकथा आणि विधींवरील हायमेनडॉर्फ यांचा ग्रंथ. त्यावर नाव हायमेनडॉर्फ यांचे असले तरी गाणारे परधान, अर्थ सांगणारे गोंड वडीलधारे आणि लिहून घेणारे मदतनीस यांच्याशिवाय तो होऊ शकला नसता. हे सामूहिक कर्तृत्व या निमित्ताने आवर्जून नोंदवतो.

शिक्षणाबरोबर कागदही बदलू लागला. विशेष लावणीच्या, म्हणजे जमीनवाटपाच्या, नियमांखाली गोंड आणि कोलाम कुटुंबांना जमिनीचे पट्टे मिळाले. फसली १३५६, म्हणजे १९४६ च्या सुमारास, संस्थानाने आदिवासी क्षेत्रांसाठी स्वतंत्र विनियम केला. केस्लापूरच्या नागोबा जत्रेत अधिकाऱ्यांनी लोकांसमोर बसून तक्रारी ऐकायच्या, असा दरबाराचा पायंडा याच दशकात पडला. मार्लवाईत शिकलेले तरुण गावोगावच्या शाळांत शिक्षक झाले, तर काही पटवारी, कारकून आणि जंगल खात्यातले कर्मचारी झाले. ज्या वहीत पूर्वी परक्याने नाव लिहिले, त्या वहीत आता गावचा मुलगा लिहू लागला. योजनेचे खरे यश ते हेच.

१९५० ते १९६० : व्याकरणे आणि नव्या सीमा

सप्टेंबर १९४८ मध्ये हैदराबाद संस्थान भारतात विलीन झाले. हायमेनडॉर्फ लंडनच्या प्राच्यविद्या संस्थेत अध्यापनासाठी गेले. येथील काम स्थानिक शिक्षक आणि अधिकारी यांनी पुढे नेले.

या टप्प्यातले सर्वांत मोठे नाव सेतुमाधवराव पगडी यांचे. २७ ऑगस्ट १९१० रोजी निलंग्याला जन्मलेले पगडी हैदराबादच्या मुलकी सेवेत होते. उर्दू आणि फारसीचे ते जाणकार होते, उर्दू कवींना मराठी वाचकांपर्यंत नेणारे अनुवादक होते, आणि मराठ्यांच्या इतिहासाचे संशोधक म्हणून महाराष्ट्र त्यांना ओळखतो. आदिलाबादला त्यांनी गोंडी आणि कोलामी या दोन्ही भाषा आत्मसात केल्या. आदिलाबादच्या गोंडांवरचे त्यांचे इंग्रजी पुस्तक १९४९ मध्ये निघाले. पाठोपाठ कोलामीचे आणि १९५४ मध्ये गोंडीचे व्याकरण प्रसिद्ध झाले. दौऱ्यावर असताना ज्यांची भाषा अधिकाऱ्याच्या कानावर पडे, त्यांच्याकडूनच ती शिकून तिचे व्याकरण लिहायचे, असे उदाहरण आपल्या प्रशासनात दुर्मीळ आहे. गालिब आणि इक्बाल यांच्या उर्दूसाठी जी चिकाटी त्यांनी दाखवली तीच डोंगरातल्या कोलामीसाठीही दाखवली. १९९२ मध्ये त्यांना पद्मभूषण मिळाले. १९९४ मध्ये त्यांचे निधन झाले.

१ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यांची पुनर्रचना झाली. आदिलाबाद जिल्हा आंध्र प्रदेशात गेला. किनवट आणि राजुरा हे मराठी भाग तत्कालीन मुंबई राज्यात गेले. राजुरा आधी नांदेडला आणि १९५९ मध्ये चांद्याला जोडला गेला. आमचे वांकिडी सीमेच्या अलीकडे राहिले. शाळेची भाषा आता तेलुगू झाली. गोंडीची नागरी पुस्तके हळूहळू वापरातून गेली. तेलुगूचे ज्ञान आमच्या मुलांना पुढे उपयोगी पडले, आणि ती शिकवणाऱ्या शिक्षकांबद्दल आम्हांला आदरच आहे. पण गोंडीतून वाचायला शिकलेली एक पिढी आणि पुढची पिढी यांच्यामधली अक्षरांची साखळी इथे तुटली.

१९६० ते १९८० : अभ्यासाची दोन दशके

शाळांतून गोंडी गेली तरी तिचा अभ्यास चालू राहिला. गोंडीच्या निरनिराळ्या बोलींतील शब्दांचा तौलनिक संग्रह बरो आणि भट्टाचार्य यांनी १९६० मध्ये प्रसिद्ध केला. अण्णामलै विद्यापीठाने पी. एस. सुब्रह्मण्यम यांचे गोंडीचे वर्णनात्मक व्याकरण १९६८ मध्ये काढले. त्याचा आधार आदिलाबादचीच गोंडी होती. १९६९ मध्ये म्हैसूरला भारतीय भाषा संस्थान स्थापन झाले आणि आदिवासी भाषांच्या अध्ययन-अध्यापनाला देशपातळीवर स्थान मिळाले. या साऱ्या ग्रंथांत नमुन्याची वाक्ये देणारी माणसे आपल्याच डोंगरांतली होती. विद्वान विद्यार्थी झाले आणि शेतकरी शिक्षक.

सत्तरच्या दशकात उटनूरला एकात्मिक आदिवासी विकास यंत्रणा उभी राहिली. आश्रमशाळा वाढल्या, रस्ते आले, मुले बाहेरगावी शिकू लागली. १९७६ मध्ये निवृत्त झालेले हायमेनडॉर्फ पुन्हा पुन्हा मार्लवाईला येत राहिले. १९७९ मध्ये आंध्र प्रदेशातील गोंडांवर आणि १९८२ मध्ये भारतातील आदिवासींच्या जगण्याच्या झगड्यावर त्यांची पुस्तके आली. मातृभाषेतून शिक्षणाची योजना पुढे चालू न राहिल्याची खंत त्यांनी त्या लेखनात स्पष्टपणे मांडली.

१९८० ते २००० : आठवण आणि अंतर

ही वर्षे आमच्या भागाला जड गेली. २० एप्रिल १९८१ रोजी इंद्रवेल्लीत आदिवासींवर पोलिसांनी केलेल्या गोळीबाराची जखम आजही ओली आहे. याच वर्षाच्या आरंभी, प्रजासत्ताक दिनी, गुसाडी नृत्याचे पथक दिल्लीत नाचले होते. मार्लवाईचे कनकराजू यांनी ही कला पुढच्या पिढीला शिकवली. दिवाळीच्या सुमारास दंडारी उत्सवात मोरपिसांचा टोप घालून निघणारे गुसाडी या भागाची ओळख झाले आहेत. २०२१ मध्ये कनकराजूंना पद्मश्री मिळाली. २०२४ मध्ये ते आपल्यातून गेले.

११ जानेवारी १९८७ रोजी बेट्टीबाई हैदराबादला निवर्तल्या. त्यांची समाधी मार्लवाईतच आहे. हायमेनडॉर्फ यांचे ११ जून १९९५ रोजी लंडनमध्ये निधन झाले. २०१२ मध्ये त्यांच्या अस्थी मार्लवाईला आणून पत्नीशेजारी ठेवण्यात आल्या. दरवर्षी ११ जानेवारीला गावकरी तिथे जमतात. व्हिएन्नातल्या माणसाने गोंडी शिकावी आणि गोंडांनी त्याला आपल्या गावात कायमची जागा द्यावी, याहून भाषेच्या नात्याचा मोठा दाखला आम्हांला ठाऊक नाही.

२००० ते २०१० : मातृभाषेतून पुन्हा प्रारंभ

२००४ पासून आंध्र प्रदेशाने बहुभाषिक शिक्षणाचा कार्यक्रम हाती घेतला. गोंडी, कोलामी, कोया, कुवी, सवरा, कोंडा, आदिवासी ओडिया आणि बंजारा अशा आठ भाषांत पहिल्या इयत्तांची पुस्तके तयार झाली. लिपी तेलुगू होती. मुलाने पहिली पावले आपल्या भाषेत टाकायची आणि मग टप्प्याटप्प्याने तेलुगूत जायचे, अशी ही रचना होती. लिपी बदलली होती, पण वाट तीच होती जी १९४३ मध्ये आखली गेली होती.

या कामाचे मोल पुस्तकांइतकेच ती तयार करताना झालेल्या शिबिरांत होते. आदिवासी शिक्षक एकत्र बसले. मुलांना द्यायच्या कथा आणि गाणी त्यांनी आपल्या वडीलधाऱ्यांकडून आणली. एकाच गोष्टीला उटनूरकडे एक शब्द आणि आसिफाबादकडे दुसरा, असे प्रसंग पावलोपावली येतात. अशा वेळी दोन्ही गावची माणसे समोरासमोर असली तरच निर्णय टिकतो. मार्लवाईच्या पहिल्या शिक्षकांनी हेच केले होते.

२०१० ते २०२० : गुंजालाची लिपी

गेल्या काही दशकांतली सर्वांत आनंदाची घटना नारनूर मंडळातल्या गुंजाला गावात घडली. तिथे गोंडीच्या स्वतंत्र लिपीत लिहिलेली हस्तलिखिते मिळाली. हैदराबाद विद्यापीठाच्या दलित आणि आदिवासी अध्ययन व अनुवाद केंद्राने आणि प्रा. जयधीर तिरुमल राव यांनी ती अभ्यासासाठी हाती घेतली. अभ्यासक त्यांचा काळ १७५० च्या आसपासचा मानतात. गोंडी भाषा कधीच लिहिली गेली नव्हती, असे जे आम्ही पिढ्यान्‌पिढ्या ऐकत आलो, ते या पानांनी खोटे ठरवले.

ही लिपी वाचू शकणारे मोजके वयस्क गावात होते. ते शिक्षक झाले, आणि विद्यापीठातले अभ्यासक व गावातली तरुण मुले त्यांच्यासमोर पाटी घेऊन बसली. लिपीचा संगणकीय फाँट तयार झाला, अंकलिपी निघाली, वर्ग सुरू झाले. जून २०१८ मध्ये युनिकोडच्या ११ व्या आवृत्तीत गुंजाला गोंडी लिपीला जागा मिळाली. त्याच्या आदल्या वर्षी बालाघाटचे मुन्शी मंगलसिंह मसाराम यांनी १९१८ च्या सुमारास तयार केलेली मसाराम गोंडी लिपीही युनिकोडमध्ये आली होती.

याच दशकात सहा-सात राज्यांतले गोंडी भाषक समान शब्दकोशासाठी एकत्र आले. तेलंगण, महाराष्ट्र, छत्तीसगड, मध्य प्रदेश, ओडिशा आणि कर्नाटक इथली माणसे हंपीच्या कन्नड विद्यापीठात आणि इतरत्र बैठकांना बसली. प्रत्येकाची गोंडी शेजारच्या मोठ्या भाषेने रंगलेली. कुणात मराठी शब्द अधिक, कुणात तेलुगू, कुणात हिंदी. ऐकत, विचारत, दुरुस्त करत त्यांनी शब्द निवडले. 'सीजीनेट स्वरा' या उपक्रमाच्या पुढाकाराने गोंड तरुणांनी बालकथांचे गोंडी अनुवाद केले. एक जण वाक्य करतो, दुसरा ते मोठ्याने वाचतो, तिसरा आपल्याकडे ते कसे म्हणतात ते सांगतो. भाषा शिकण्याची आणि अनुवाद पारखण्याची याहून चांगली शाळा नाही.

२०१४ मध्ये तेलंगण राज्य झाले. २०१६ मध्ये आदिलाबादचे विभाजन होऊन आमचा भाग कोमुरम भीम आसिफाबाद जिल्ह्यात आला. ज्या हुतात्म्याच्या बलिदानातून हे सारे काम उभे राहिले, त्याचे नाव जिल्ह्याला मिळाले, याचा आम्हांला अभिमान आहे.

२०२० पासून : आजचे काम

आजची पिढी नव्या साधनांनी तेच काम करते आहे. आदिलाबाद जिल्ह्यातले शिक्षक तोडसम कैलाश यांनी महाभारताची कथा गोंडीत आणली. कृत्रिम बुद्धिमत्तेच्या साहाय्याने त्यांनी कोलामीत गीत तयार केले, त्याचा उल्लेख पंतप्रधानांनी फेब्रुवारी २०२५ च्या 'मन की बात'मध्ये केला. १ सप्टेंबर २०२५ रोजी केंद्रीय आदिवासी कार्य मंत्रालयाने 'आदि वाणी' हे अनुवादाचे अ‍ॅप प्रायोगिक स्वरूपात सुरू केले. संथाली, भिली, मुंडारी आणि गोंडी या चार भाषांपासून त्याची सुरुवात झाली. त्यातली गोंडी छत्तीसगडच्या वळणाची आहे. आदिलाबादच्या गोंडीला तिथे जागा मिळवून द्यायची तर इथल्या लोकांनी इथली वाक्ये, इथली गाणी, इथला उच्चार पुरवला पाहिजे. यंत्रालाही शिकवायला शेवटी माणूसच लागतो.

२०११ च्या जनगणनेत गोंडी भाषक म्हणून नोंदले गेलेले २९ लाख ८४ हजारांहून अधिक लोक होते. इतकी माणसे बोलत असूनही ही भाषा अद्याप राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीत नाही. ती मागणी रास्त आहे आणि आम्ही तिच्या बाजूने उभे आहोत.

ऋणनिर्देश आणि पुढचा संकल्प

या वाटचालीत नावाने ओळखले गेलेले थोडे आणि न ओळखलेले फार. किकरीवर रात्री जागवणारे परधान, अर्थ समजावणारे पटेल आणि महाजन, मार्लवाईचे पहिले गोंड शिक्षक, शाळेला जागा आणि शिधा देणारे गावकरी, डोंगर चढून गेलेले अधिकारी, शिबिरांत बसलेले आदिवासी शिक्षक, गुंजालाची हस्तलिखिते जपून ठेवणारी घरे, या सर्वांचे आम्ही ऋणी आहोत. मतभेद प्रत्येक टप्प्यावर झाले असतील. कोणती लिपी, कोणता शब्द, कोणते माध्यम, यांवर मनापासून काम करणाऱ्यांत वाद होणारच. त्यांतून काम पुढे गेले, हेच लक्षात ठेवण्यासारखे आहे.

वांकिडीच्या मराठी वाचकांना आमचे विशेष सांगणे आहे. मार्लवाईची पहिली गोंडी पुस्तके आपल्या अक्षरांत लिहिली गेली होती. परधानांची घरची भाषा आपलीच आहे. गोंड आणि कोलाम शेजाऱ्यांनी आपल्याशी मराठीत बोलायचे आणि आपण त्यांची भाषा शिकायची नाही, हा व्यवहार फार काळ एकतर्फी राहिला. आपल्या मुलांना इंग्रजी आणि जर्मन शिकवण्यासाठी आपण शहरात पाठवतो. तेवढ्याच आस्थेने आठवड्यातून एक संध्याकाळ शेजारच्या वस्तीत बसून गोंडी शिकता येईल. शिकवणारी माणसे आपल्याच बाजारात भेटतात.

या वर्षात तीन कामे हाती घ्यावीत, अशी आमची सूचना आहे. पहिले, वांकिडी आणि आसपासच्या गावांत गोंडी-मराठी सहअध्ययनाचे छोटे गट सुरू करावेत. त्यांत दोन्ही भाषांचे लोक असावेत आणि शिकवण्याची पाळी सर्वांवर यावी. दुसरे, जुन्या नागरी गोंडी पुस्तकांच्या ज्या प्रती घरोघरी असतील त्यांचा शोध घेऊन त्या जतन कराव्यात. तिसरे, वयस्क परधान आणि गोंड कथाकारांची कथने ध्वनिमुद्रित करून त्यांचे मराठी आणि तेलुगू अनुवाद करावेत. ते अनुवाद गटात बसून, गाणाऱ्याला वाचून दाखवून आणि त्याच्या दुरुस्तीनेच पक्के करावेत. मार्लवाईत १९४३ मध्ये काम याच पद्धतीने सुरू झाले होते, आणि पुढेही ते याच पद्धतीने टिकेल, असा आमचा विश्वास आहे.